मार्तंडची पहिली बायको

लंडन, २ एप्रिल १९४९

ती. बाबांस मार्तंडचा शि. सा. न. वि. वि.

लीनाशी लग्नाला तुमचा होकार आला आणि मी घरमालकिणीलाच चहा करून पाजला. आता एकच अडचण आहे. माझं आधी लग्न झालेलं नाही, असं वडिलांचं मॅजिस्ट्रेटसमोरचं प्रतिज्ञापत्र इथल्या विवाहनोंदणी कचेरीला हवं आहे. जूनमध्ये नोकरीसाठी मला नैरोबीला जायचंय. त्याआधी लग्न झालं तरच लीना बरोबर येऊ शकेल, नाहीतर तीन वर्षं ती इथे आणि मी तिथे. तुम्ही जन्मभर कोर्टात लोकांना शपथा दिल्यात, तेव्हा हा तुमच्या डाव्या हातचा मळ.

छबूआत्याला नमस्कार. माझ्यावरच्या लोभातला अर्धा आता लीनाच्या नावे करावा.

तुमचा मार्तंड

कोपरगाव, १२ एप्रिल १९४९

चि. मार्तंड यास अनेक आशीर्वाद.

शपथ घ्यायला उभा राहिलो आणि जीभच अडली. तुझी पहिली बायको जगणार नाही असं पत्रिकेत निघालं, म्हणून लहानपणी छबूने नदीकाठच्या रुईशी तुझं लग्न लावलं होतं. दोष त्या झाडावर जावा, एवढाच हेतू. पण अंतरपाट धरला होता आणि मंगलाष्टकं मीच म्हटली होती. ते लग्न झालंच नाही, असं शपथेवर कसं सांगू? मॅजिस्ट्रेटसाहेबांनी कपाळाला हात लावला. शेवटी खरं तेच लिहिलं: पूर्वीचा विवाह एक, वधू रुई, राहणार कोपरगाव. रुई कोणाला ठाऊक नसते? म्हणून अधिक खुलासा केला नाही. कागद सोबत आहे.

लीनालाही आशीर्वाद.

दत्तोपंत

लंडन, २२ एप्रिल १९४९

ती. बाबांस सा. न. वि. वि.

बाबा, काय केलंत हे! इथला अधिकारी रुईबाईंच्या मृत्यूचा नाहीतर काडीमोडाचा दाखला मागतो आहे. ते झाड आहे म्हणालो, तर त्याने मला पाणी आणून दिलं. लीना आधी पोट धरून हसली, मग रडायला लागली. नवा कागद लवकर धाडा. मला तिला सोडून जायचं नाही.

तुमच्या लोभावरच सारी भिस्त.

मार्तंड

कोपरगाव, २ मे १९४९

चि. मार्तंड यास आशीर्वाद.

छबू विळा घेऊनच निघाली होती. रुई तोडू आणि मेल्याचा दाखला देऊ म्हणाली. मी आडवा गेलो. झालं तरी आपली सून, आणि शनिवारी मारुतीला हार हिच्याच पानांचा. मग साहेबांनीच मजकूर सांगितला: रुई हे झाड आहे, माणसांत मार्तंडला बायको नाही. हे अक्षरशः खरं, म्हणून आनंदाने सही केली.

गंमत अशी, की पत्रिकेने जिला केव्हाच मारलं होतं, ती फुलांनी लगडली आहे. पत्रिकाच खोटी! लीनाला म्हणावं, निर्धास्त ये.

तुझ्या लग्नाला मला येता येणार नाही, याचं फार वाईट वाटतं. मुहूर्ताची वेळ तारेने कळव. त्या वेळी मी रुईपाशी उभा राहून मंगलाष्टकं म्हणीन. थोरलीने धाकटीसाठी दिलेली दोन फुलं पाकिटात घातली आहेत.

तुझा बाबा