कोऱ्या कागदावरची सही

उमरगा, जि. धाराशिव
८ जून २०२५, रविवार

प्रिय कल्याण,

नमस्कार. आमच्याकडे सगळे मजेत आहेत, माझे गुडघे सोडून. वर 'धाराशिव' लिहिलं खरं, पण हात अजून उस्मानाबादच लिहायला जातो. पुण्यात पाऊसपाणी कसं आहे? सूनबाईंचा हात प्लास्टरमधून निघाला का? वहिनींना नमस्कार सांग.

तुझ्या आठवणींचं बाड मंगळवारी पोचलं. सोबतची चिठ्ठी वाचून हसू आलं. "उम्या, शुद्धलेखन तपास. मजकुराला हात लावायचा नाही." बत्तीस वर्षं पोरांना नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाला तू ऱ्हस्व-दीर्घ बघायला बसवलंस! तरी बसलो. लाल पेन आणलं, चष्मा पुसला आणि शहाण्णव पानं चार दिवसांत वाचून काढली. चांगलं लिहिलं आहेस. येरवड्याच्या बराकीत तुम्ही लोकांनी बसवलेलं नाटक वाचून मी एकटाच खोखो हसत होतो. फक्त काही ठिकाणी तू स्वतःला जरा जास्तच शूर केलं आहेस. आपल्या गल्लीतल्या काळ्या कुत्र्याला घाबरून तू लांबच्या वाटेनं शाळेत यायचास, ते मी विसरलेलो नाही.

फोनवर तू दोनदा विचारलंस, झालं का म्हणून. मी "दोन पानं राहिलीत" म्हणालो. ती दोन पानं म्हणजे बारावं आणि एकतिसावं. त्यांच्यासाठीच हे पत्र लिहितो आहे. फोनवर मला जमलं नसतं.

हर्षाली सुट्टीला आली आहे. माझी नात लातूरला वकिली शिकते, हे तुला ठाऊकच आहे. राष्ट्रपतींच्या आणीबाणीच्या अधिकारांना कायद्यानं काय काय लगाम घातले, यावर तिला निबंध लिहायचा आहे. परवा माझ्यासमोर वही उघडून बसली.

"आजोबा, पंच्याहत्तरला राष्ट्रपतींची सही आधी झाली आणि मंत्रिमंडळाला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं, खरंय का हे?"

"खरंय."

मग मला चेव आला. वर्गात सांगायचो तसं सगळं सांगितलं. अठ्ठ्याहत्तरच्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं ठरलं, की मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हातात आल्याशिवाय राष्ट्रपतींनी घोषणा करायची नाही. 'अंतर्गत अशांतता' हे सैलसर कारण गेलं, त्या जागी 'सशस्त्र उठाव' आला. महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची मंजुरी, तीही दोनतृतीयांशानं. पुढे दर सहा महिन्यांनी पुन्हा विचारायचं. लोकसभेच्या एकदशांश सदस्यांनी लेखी मागणी केली, तर आणीबाणी उठवायची का यावर चौदा दिवसांत खास बैठक. आणि माणसाच्या जिवाचा, स्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही निलंबित करायचा नाही. हे सगळं मला तोंडपाठ आहे. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत दरसाल सांगितलं आहे.

तिनं सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे सोप्या भाषेत, कोऱ्या कागदावर सही घ्यायची नाही. एवढंच ना?"

मी उठलो आणि झाडांना पाणी घालायला गेलो. भर दुपारी. ती मागून ओरडली, "आवो आजोबा, उन्हाचं कुनी पानी घालतं व्हय?"

कल्याण, सव्वीस जूनची ती सकाळ तू चौथ्या पानावर लिहिली आहेस. थोडी भर घालतो. बब्रुवानच्या हॉटेलात आपण दोघं मागच्या बाकावर होतो. मी नोकरीला लागून वर्षसुद्धा झालं नव्हतं, तू सोलापूरचं वकिलीचं शिक्षण अर्धवट टाकून आला होतास. हमरस्त्यावर हैदराबादकडे जाणारे ट्रक उभे होते. रेडिओवर सांगितलं, राष्ट्रपतींनी आणीबाणी जाहीर केली आहे, घाबरण्याचं कारण नाही. बब्रुवान मिरच्या तळत होता. त्यानं झारा कढईतच ठेवला आणि म्हणाला, "घाबरू नका म्हनत्यात, म्हंजी आता घाबराया पायजे." ट्रकवाले हसले. आपणही हसलो. त्या भज्यांचा वास मला आजही येतो. चोवीस-पंचवीसचं वय, चहात बुडवायला पाव आणि जग सुधारायला आपण दोघं. किती छान होतं रे ते सगळं.

आणीबाणीविरुद्ध तू वाटायचास त्या पत्रकांच्या स्टेन्सिलवर अक्षर माझं असायचं, हे तू पुस्तकात लिहिलेलं नाहीस. मला सांभाळून घेतलंस, मास्तर म्हणून. शुद्धलेखन तेव्हाही माझ्याकडेच होतं.

आता पान एकतीस. तू लिहिलं आहेस, "बब्रुवान हॉटेलवाल्यानं मला पकडून दिलं. त्याच्यामुळे माझी अव्वा मला न बघता गेली."

ही चूक आहे. शुद्धलेखनाची नाही.

दसरा होऊन आठेक दिवस झाले होते. तुळजापूरचा बंदोबस्त आटोपून जमादार परत आला होता. दुपारच्या सुट्टीत तो शाळेत आला. त्या काळी पंचनाम्याला पंच लागला की पोलीस शाळेत यायचे. मास्तर सरकारी माणूस, सही वळणदार, शिवाय नाही म्हणत नाही. पद्धतही ठरलेली होती. पंचानं कोऱ्या कागदाच्या तळाला सही करायची, मजकूर ते सावकाश भरायचे. माझ्याआधीचे मास्तर तसंच करत आले होते. मीही दोनदा केली होती. एकदा सायकलचोरीला, एकदा बांधावरच्या भांडणाला. तिसऱ्यांदाही केली. काय प्रकरण आहे, हेसुद्धा विचारलं नाही.

त्यानं कागद हातात घेतला, पण घडी घातली नाही. खिशातून तुझं एक पत्रक काढलं आणि माझ्या सहीशेजारी धरलं.

"गुरुजी, अक्षर लई झ्याक हाय तुमचं. कुटंबी वळकू येतंय."

मी पेनाला टोपण लावलं.

"आता या कागदावर काय लिवायचं, ते तुमच्यावर हाय. पत्रकं गुरुजींच्या घरात घावली आसं बी लिवता येतंय. न्हायतर कल्याणप्पा कुटं घावतोय त्येवढं सांगा, कागद फाडून टाकतो."

कल्याण, मी किती वेळ विचार केला असेल? बाहेर पोरं लंगडी खेळत होती. एका पोराचा डाव संपला नव्हता, तेवढ्यात मी बोललो. "मंगळवारी सकाळी बब्रुवानकडं येतो. मागच्या दारानं."

त्यानं माझ्यासमोर कागद फाडला. दिलेला शब्द पाळला. मी नाही पाळला.

पुढे कळलं, की तुला मिसा कायद्याखाली आत टाकलं, आणि मिसाला ना पंच लागत होता ना पुरावा. कारणसुद्धा सांगावं लागत नव्हतं. कोर्टानंही नंतर सांगितलं की सध्या दाद मागता येणार नाही. कित्येक वर्षं मी याच गोष्टीला धरून बसलो. म्हणायचो, त्यांना काय, त्यांनी तुला कुठूनही उचललं असतं. खरं आहे, उचललं असतं. पण त्यांनी उचललं ते मी सांगितलेल्या जागेवरून, मी सांगितलेल्या वेळी.

बब्रुवानलाही त्या दिवशी नेलं आणि संध्याकाळी सोडलं. ते बघून सगळ्या गावानं हिशेब मांडला, आणि तूही. त्याची बायको तेव्हा दिवसांत होती. आठवडाभरात त्यांना मुलगी झाली, सारजा.

तुझ्या आईबद्दल, अव्वाबद्दलही लिहायला हवं. तुझी पत्रं काळी शाई फासून यायची, ती मी तिला वाचून दाखवायचो. फासलेल्या जागी मनानं काहीबाही घालायचो. कल्याण जाड झालाय, कल्याण म्हणतोय तुझ्या हातची शेंगाचटणी पाहिजे. ती माझ्या गालावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "तू हायस म्हनून बरं हाय रे उम्या." फेब्रुवारीत ती गेली. तुझा पॅरोल चार दिवसांनी आला. शेवटचं पाणी तिला मी पाजलं. ते तू तुझ्या पुस्तकात फार कौतुकानं लिहिलं आहेस. ते पान वाचून मी बाड मिटलं होतं. त्या दिवशी पुन्हा उघडलं नाही.

सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये निकाल लागला. कायद्याचे लगाम नंतर आले, आधी साध्या माणसांनी शिक्का मारून सरकार बदललं. तू ट्रकमध्ये उभा राहून सोलापूरहून आलास. नाक्यावर गुलाल, हलगी. मी तुला मिठी मारली. बब्रुवान किटली घेऊन पुढं आला, आणि तू त्याच्याकडे पाठ केलीस. किटली घेऊन तो तसाच परत गेला. त्या क्षणी बोलायला हवं होतं. गावभर लोक नाचत होते, आता भीती कशाची होती? तेव्हा भीती तुझी होती.

नंतर एकदा मी त्याच्याकडे गेलो. म्हणालो, बब्रुवान, मी कल्याणला सांगून टाकतो. त्यानं कप विसळता विसळता मान हलवली. त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मंगळवारचं आपल्या तिघांनाच माहीत होतं ना. म्हणाला, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. त्येंची आई गेली, भाऊ न्हाय. तुमी बी गेलाव तर त्येंला ऱ्हातंय कोन?" आणि मी राहू दिलं. माझ्या सोयीचं होतं.

आता पान बारा. त्यावर तू लिहिलं आहेस, की उमरग्याला गेलो की उमाशंकर बसस्टँडवरच्या नव्या हॉटेलातून मिरचीभजी आणतो, तशी भजी पुण्यात मिळत नाहीत. कल्याण, बसस्टँडवर तसलं हॉटेल कधीच नव्हतं. तू येणार कळलं की बब्रुवान सकाळीच निरोप पाठवायचा. भजी वर्तमानपत्रात बांधून द्यायचा आणि म्हणायचा, माझं नाव सांगू नका, खानार न्हाईत. चाळीस वर्षं तू त्याच्या हातची भजी खाल्लीस आणि बोटं चाटलीस. सहा वर्षांपूर्वी तो गेला. तेव्हा तू म्हणालास, "भज्यांची चव बदलली रे." मी म्हणालो, आचारी बदलला.

हॉटेल आता सारजाबाई चालवते. पंचवीस तारखेला इथं होणाऱ्या तुझ्या पुस्तकाच्या प्रकाशनाला चहा-भज्यांचं काम आयोजक मंडळानं तिलाच दिलं आहे. काल मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "गुरुजी, कल्यानप्पाकाकांच्या पुस्तकात आमच्या बाबांचं नाव हाय म्हनं. तुमी वाचलाव न्हवं? चांगलं लिवलंय का?" नवं लुगडं घेतलं आहे म्हणाली, त्या दिवसासाठी.

मी म्हणालो, "अजून तपासायचं आहे."

तर तपासलं. तू सांगितलं होतंस, मजकुराला हात लावायचा नाही. लावला. पान एकतीसवरची दोन्ही वाक्यं लाल शाईनं खोडली आणि समासात लिहिलं, "माझा ठावठिकाणा माझा मित्र उमाशंकर यानं, भीतीपोटी, जमादाराला सांगितला. बब्रुवाननं हे ठाऊक असून जन्मभर तोंड उघडलं नाही." पान बारावर बसस्टँड खोडून त्याचं नाव घातलं. तुझी भाषा माझ्यापेक्षा चांगली आहे, वाक्यं हवी तशी वळव. पण नावं तीच ठेव. पंधराला छापायला जायच्या आत एवढं कर. माझ्यासाठी नको करू.

मला क्षमा कर, असं लिहिणार होतो. लिहून खोडलं. ते मागण्याआधी सारजाबाईकडे जायला हवं. हे पत्र टपालात टाकून थेट तिच्या हॉटेलातच जाणार आहे. जाण्याआधी तुला लिहून टाकावं, म्हणजे माघार घेता येणार नाही, म्हणून आज लिहायला बसलो.

हर्षालीला पत्र वाचायला दिलं. तिनं शेवटचं पान उलटून पाहिलं. मग म्हणाली, "तारीख घातलीय, पण सही राहिलीय आजोबा."

पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचलं, आता सही करतो. पण माझ्या नावाच्या आधी 'तुझा' लिहायला हात धजत नाही, म्हणून ती जागा कोरी सोडली आहे. तिथं काय लिहायचं ते तू ठरव. पन्नास वर्षांनी पुन्हा कोऱ्या जागेखाली सही करतो आहे, फक्त या वेळी कागद कुणाच्या हातात देतो आहे ते मला ठाऊक आहे.

. . . . . . . . . .
उमाशंकर