फळीवरची बॅटरी

आप्पा, परवा बेळगावात माझा सत्कार झाला. बॅटरीच्या संशोधनात आयुष्य घातलं म्हणून शाल दिली. सूत्रसंचालक बाई माइकवर म्हणाल्या, वडिलांच्या प्रोत्साहनामुळंच मॅडम इथवर पोचल्या. मी नुसती शाल सावरली. पण ते साफ खोटं आहे. तुम्ही मला पुढं शिकवलं नाही, मी तुम्हाला हरवून शिकले.

निपाणीत हायवेला आपलं बॅटरी चार्जिंगचं दुकान. ट्रकवाले बॅटऱ्या आणून टाकायचे आणि तुम्ही एकेक उचलून फळीवर ठेवायचा. जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते, हे तुमचं वेदवाक्य. आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी बीएस्सी होऊन घरी आलते आणि तुम्ही संकेश्वरचं स्थळ काढलं होतं. मला धारवाडला एमेस्सी करायची होती. जेवताना मी म्हटलं, "आप्पा, ते जमिनीचं खरं न्हाय. खोकं टणक रबराचं आहे, त्यातनं वीज खाली जाईल कशी?" तुमचा घास हातातच राहिला. "बापाला शिकिवतीस व्हय गं? चार बुकं वाचून लई शानी झालीस?" मीही तुमचीच लेक. म्हटलं, दोन सारख्या बॅटऱ्या भरू, एक फळीवर, एक जमिनीवर, महिनाभर हात लावायचा नाही. जमिनीवरची जास्त उतरली तर संकेश्वर, नाहीतर धारवाड. आई म्हणाली, लग्न काय पैजेवर ठरवायचं असतं का. पण तुम्ही ईर्षेला पेटला होता.

महिन्यानं तुम्ही काचेची नळी घेऊन बसलात. आम्ल नळीत ओढायचं आणि आतली तरंगती कांडी वाचायची; कांडी जितकी खाली बुडेल तितकी बॅटरी उतरलेली. मला जवळ येऊ देत नाही. मी दाराशी उभी, तुमची पाठ बघतेय. कांडी फक्त तुम्हाला दिसतेय. तुम्ही काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं, आप्पा. तुम्ही दोनदा वाचलंत. "सारख्याच हैत," म्हणालात आणि जमिनीवरची उचलून फळीवर ठेवलीत. "तरीबी माझ्या दुकानात बॅटरी फळीवरच ऱ्हाणार. जा तू धारवाडला."

पुढं प्रयोगशाळेत, बॅटरीतल्या शिशाच्या जाळ्या कशा कुजतात ते शोधण्यात माझी ऐंशीच्या दशकातली सगळी वर्षं गेली. साहेबांना हवे तसे आकडे मी कधी दिले नाहीत, त्यापायी बढती हुकली. त्याचं मला काडीचं वाईट वाटलं नाही. ते तुमच्याकडनं आलं, एवढं मान्य. प्रोत्साहन मात्र मी म्हणणार नाही.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? टिळकवाडीच्या माझ्या घरात इन्व्हर्टरची बॅटरी आहे. ती फळीवर ठेवलीय. कुणी विचारलं तर सांगते, फरशी पुसायला बरं पडतं.