डाव्या खुर्चीतून पसंत केलेली मोटार

मी, खाली सही करणारा, ज्यास सगळे 'मास्तर' म्हणून ओळखतात, वय वर्षे एकोणसत्तर, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण (शुद्धलेखनात वर्गात पहिला), धंदा मोटार चालविण्यास शिकविणे, सत्य स्मरून लिहितो की, श्रीयुत व्याहीबुवा, आपणांस कमरेची उसण परवानगी देईल तितके वाकून नमस्कार. विहीणबाईंची दाढ आता शांत झाली असेल अशी आशा करतो. माझी कन्या आपल्या घरी नीट वागत असेलच. न वागल्यास दोष तिच्या आईच्या वळणाचा समजावा. (हे वाक्य तिच्या आईने वाचले असून 'लिहा, लिहा, काय लिहायचं ते' असे म्हटले आहे.)

पत्रास कारण की, आमची जुनी मोटार गेली. शिंपीणबाई म्हणून माझ्या एक शिकाऊ आहेत. चौकाच्या अलीकडे मी त्यांना तिसरा गिअर टाकण्यास सांगितले, तो त्यांनी टाकला, आणि दांडा मुळासकट उपटून त्यांच्या हातात आला. "मास्तर, हा कुठे ठेवू?" असे त्यांनी विचारले, तेही समोरच्या रस्त्यावरची नजर न हलविता. (अशी नजर माझ्याच शिकवणीत तयार होते, हे मी नम्रपणे नमूद करतो.) मिस्त्रीने गाडीखाली डोके घातले, बाहेर काढले, आणि एखाद्या घरी समाचाराला आल्यासारखा माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्या रात्री जेवताना चिरंजीव म्हणाले, "बाबा, गाडीनंच राजीनामा दिलाय, आता तुम्ही कशाला थांबताय? आणि घ्यायचीच असेल तर माझ्यासारखी ऑटोमॅटिक घ्या." मी म्हणालो, ज्या गाडीला क्लच नाही तिच्यात मी शिकवायचे काय, खिडकीची काच खाली करणे? शब्दाला शब्द वाढला आणि शेवटी असे ठरले की महिनाअखेरीपर्यंत मला शिकवणीस योग्य मोटार मिळाली तर शाळा चालू, न मिळाली तर फाटकावरची पाटी उतरवायची. व्याहीबुवा, पाटी उतरविलेल्या मास्तराला लोक दुसऱ्या दिवसापासून काका म्हणू लागतात. ते मला मान्य नव्हते.

तेव्हा मी व माझी पत्नी मोटारींच्या दुकानी गेलो. तेथील विक्रेता गळ्यात टाय बांधलेला एक हसतमुख गृहस्थ होता. त्याने चालकाचे दार उघडून धरले आणि "बसा काका, एक चक्कर मारून बघा" असे म्हटले (काका, लक्षात घ्यावे). मी गाडीला वळसा घालून माझ्या जागी, म्हणजे चालकाच्या डाव्या बाजूच्या खुर्चीत, जाऊन बसलो. मोटार शिक्षकाचे सगळे आयुष्य त्या खुर्चीत जाते. गाडी पाहायची ती तेथूनच. विक्रेता दार धरून बराच वेळ तसाच उभा होता. मग निरुपायाने तोच चालवू लागला.

आता त्याची अडचण अशी झाली की तो जे जे गुण म्हणून सांगे ते ते मला दोष वाटत. म्हणाला, ही चढावर मागे येत नाही. मी म्हणालो, मग शिकाऊला हँडब्रेकची किंमत कळणार कशी? म्हणाला, ही मागे घेताना स्वतःच शिट्टी वाजवते. मी म्हणालो, ते काम माझे आहे. म्हणाला, हिचा क्लच कसाही सोडला तरी इंजिन बंद पडत नाही. अशी गाडी म्हणजे चुकलेल्या गणितालाही बरोबरची खूण करणारा मास्तर. मला गचके देणारी, चूक झाली की जागेवर बंद पडणारी, स्पष्टवक्ती मोटार हवी होती.

शिवाय गृहस्थ चालवतही वाईट होता. क्लचवरून पाय म्हणून उचलीना. मी सवयीने सूचना देत गेलो, आणि सवयीनेच, जेथे माझा ब्रेक असायला हवा तेथे, पायाखालची चटई दाबत गेलो. चटई फाटली. मागे बसलेली पत्नी म्हणाली, "अहो, त्यांना गाडी विकायचीय, परीक्षा द्यायची नाहीये." परंतु तिसऱ्या गाडीपर्यंत त्याचा पाय सुधारला होता आणि तो मला मास्तर म्हणू लागला होता.

चौथी मोटार मात्र माझी होती. छोटी, करड्या रंगाची, मागल्या वर्षीचे मॉडेल, म्हणून कोपऱ्यात उभी केलेली. माझ्या खुर्चीतून बॉनेटचे टोक दिसे, स्टिअरिंगपर्यंत हात सहज पोहोचे, गुडघ्यांपुढे ऐसपैस जागा. विक्रेत्याने क्लच जरासा घाईने सोडला आणि ती तत्काळ बंद पडली. त्याने माफी मागितली. मी म्हणालो, हीच. त्यानेच ती घरपोच आणून दिली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने गाडीच्या तळाला भोके पाडून माझ्या बाजूला क्लच व ब्रेक बसविले. चिरंजीवांनी गाडीभोवती फेरी मारून 'छान आहे' म्हटले. एकंदरीत मी अत्यंत समाधानी आहे. कळावे, लोभ आहेच.

ता. क. भोके पाडलेली गाडी दुकानदार परत घेत नाही, असे चौकशीअंती समजले. चौकशीचे कारण असे की, मिस्त्री गेल्यावर मी प्रथमच चालकाच्या खुर्चीत बसलो. माझी उंची आपणांस ठाऊक आहे. खुर्ची मागे सरकेना, गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना अडकले आणि डोके छताला टेकले. मला बाहेर काढण्यास शिंपीणबाई लागल्या. शिकाऊ माणूस भर रस्त्यात घाबरून बसला तर त्याची जागा घेणारे कोणी तरी गाडीत पाहिजे. पत्नीची उंची या मोटारीस अगदी बेताची आहे, म्हणून मी तिलाच शिकविण्यास घेतले आहे, व ती मी न सांगता आरसा पाहते. परंतु तिची परीक्षा होईपर्यंत त्या कामासाठी माझ्या कन्येस, जिला मी स्वतः शिकविले आहे व जी आईसारखीच बुटकी आहे, पंधरा दिवस माहेरी धाडावे, ही नम्र विनंती. चिरंजीवांस यातले काही कळू देऊ नये.

ता. क. दुसरा. 'एकदा तरी त्या खुर्चीत बसून बघा' असे पत्नीने मला दुकानातच सांगितले होते व त्यावर 'मला शिकवू नका' असे उत्तर मिळाले होते, हे लिहिल्याखेरीज ती साक्षीदार म्हणून सही करीत नाही. सबब लिहिले.

हे पत्र उभ्या मोटारीत लिहिले. समक्ष हजर: पत्नी, चालकाच्या खुर्चीत, गिअर बदलण्याचा सराव करीत. शिंपीणबाई, मागे, आपल्या पाळीची वाट पाहत. आणि चिरंजीव, खिडकीबाहेर. ते केव्हा येऊन उभे राहिले व कोठपासून वाचले हे कोणीच सांगत नाही. त्यांचे म्हणणे, "ताईला कशाला त्रास? आई पास होईपर्यंत सकाळी मी बसतो ना गाडीत." (उंचीने ते आईवर गेले आहेत.) त्यांचा क्लच मी उद्या तपासणार आहे. ते उत्तीर्ण झाले तरी कन्येस पाठवावेच, असे पहिल्या साक्षीदाराने सही करण्यापूर्वी बजावले आहे.