पाठकोरे कागद

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज जेवताना पुन्हा जुंपली. सासरा आणि सून दोघंही वकील, त्यामुळे आमच्याकडे भांडण होत नाही, युक्तिवाद होतो. मी वाढपी.

वकील संघानं सूनबाईच्या गळ्यात ‘हरित समिती’ घातली आहे. कुणालाच नको होती, ही नवी, म्हणून हिला. पाठपोट छापा, कमी छापा, जमेल ते कॉम्प्युटरवरून पाठवा, खोलीत माणूस नसेल तर दिवे घालवा – असं सगळं वकिलांना पटवायचं. आणि पहिला विरोध घरातूनच.

हे म्हणाले, “फाइल जाड दिसली की पक्षकाराला धीर येतो. चार पानांची कैफियत पाहिली की त्याला वाटतं, वकील झोपला होता.”

यांचा कारभार मी इतकी वर्षं बघते आहे. छापायचं एकाच बाजूला. दोन ओळींमध्ये म्हैस बसेल एवढं अंतर. चार बोटं समास. एक वेलांटी चुकली की सगळा गठ्ठा परत. कोर्टाला एक प्रत, समोरच्याला एक, पक्षकाराला एक, ऑफिसला एक, आणि एक ‘असावी म्हणून’. ही ‘असावी म्हणून’ आमच्या माळ्यावर जाते. माळा मधोमध वाकला आहे.

सूनबाई म्हणाली, “बाबा, झाडं तोडून आपण समास छापतोय.”

“मोकळा समास म्हणजे जजसाहेबांना विचार करायला जागा.”

“ते तिथं भाजीची यादी करतात. मी पाहिलंय.”

हे हसले नाहीत. मी हसले, पण पातेल्यात बघून.

मग ती हात धुताना म्हणाली ते मात्र मला लागलं. “माझ्या मतानं इथं काहीच चालणार नसेल, तर मी तिकडेच जाते. कोर्ट तिथंही आहे.” तिकडे म्हणजे आमच्या चिरंजीवांच्या नोकरीच्या गावी. तो तिकडे एकटा, ही इथं यांच्या हाताखाली शिकायला म्हणून राहिलेली.

ती गेली तर या घरात माझ्याशी बोलणार कोण? हे बोलतात ते फायलींशी.

मंगळवार, ६

अट ठरली. संघाच्या सभेपर्यंत ऑफिस सूनबाईच्या पद्धतीनं चालणार. “एकही घोळ झाला नाही तर सभेत उभा राहून तुझ्या ठरावाला अनुमोदन देईन,” हे म्हणाले. “घोळ झाला तर हा विषय बंद.”

“विषय बंद तर मीही निघाले.”

“हं,” हे म्हणाले.

यांचं ‘हं’ म्हणजे नकार नव्हे, स्थगिती. पण स्थगितीवर किती दिवस विसंबायचं? आपणच काहीतरी हातपाय हलवायला हवेत. देवापुढे दिवा लावताना सांगून टाकलं – मी थोडी लबाडी करणार आहे, तू साक्षीदार राहा, पण उलटतपासणीला उभा राहू नकोस.

गुरुवार, ८

हे आणि सूनबाई कोर्टात गेल्यावर पुढच्या खोलीत, म्हणजे ऑफिसात शिरले. कोऱ्या कागदाचे गठ्ठे उचलले आणि धान्याच्या पिंपामागे नेऊन ठेवले. दुपारी कारकून आले. त्यांना घरात आम्ही टाचणी म्हणतो. अंगकाठी तशी, आणि दिसेल ते टोचून ठेवायची सवय.

“वहिनी, कागद कुठं गेला?”

“संपला असेल.”

हे खोटं नाही. ‘असेल’ म्हटलं, ‘आहे’ म्हटलं नाही. वकिलाच्या घरात राहून एवढं येतंच.

मग माळ्यावर चढून पाठकोऱ्या कागदांचा ढीग काढला. मी मॅट्रिकपर्यंतची सगळी गणितं पाठकोऱ्या कागदांवर सोडवली, आणि नापास झाले नाही. देवानं कागदाला दोन बाजू दिल्या आहेत; एक वापरून टाकून देणं म्हणजे अर्धी भाकरी केरात टाकण्यासारखं. चुरगळलेले होते त्यांना इस्त्री केली. छापलेली बाजू कुठं ठेवायची ते एक कागद वाया घालवून शिकले आणि प्रिंटरचा एकाच बाजूनं छापायचा खण गच्च भरला; पाठपोट छापायच्या खणातले कोरे कागद तेवढे राहू दिले.

टाचणी आ वासून बघत होते. मी म्हटलं, “सूनबाईची पद्धत.” हे मात्र खोटं होतं.

शनिवार, १०

हे ऑफिसात नसताना एसी बंद करते आणि दोन्ही खिडक्या उघडते. हे आल्यावर म्हणतात, “मशीन बिघडलं वाटतं.” मी म्हणते, “वाटतं.” एक फायदा झाला. पक्षकार उकडतंय म्हणून मुद्द्याचं बोलतात आणि लवकर उठतात. एक बाई तर आजोबांपासूनची हकीकत सांगायला बसल्या होत्या, थेट नातवावर आल्या.

मंगळवार, १३

अजून घोळ नाही. देव दयाळू आहे.

शुक्रवार, १६

घोळ झाला.

तो असा. दोन भावांचा दावा चालू आहे. घरं शेजारी-शेजारी, मधली भिंत सामायिक. धाकट्यानं भिंतीत खिडकी पाडली म्हणून थोरला कोर्टात गेला. थोरला आमचा पक्षकार. धाकट्याचे वकील म्हणजे ज्यांना सगळं कोर्ट तोफ म्हणतं ते – हळू बोलले तरी रस्त्यावरची माणसं वळून बघतात. आमच्याकडून त्यांना एका अर्जाची प्रत गेली. सूनबाईच्या शिस्तीप्रमाणे पाठपोट छापलेली. आणि त्यातलं शेवटचं, एकाच बाजूचं पान माझ्या गठ्ठ्यातलं!

त्याच्या पाठीवर त्याच दाव्याचा पहिला कच्चा मसुदा. थोरल्यानं मनातलं सांगितलेलं आणि यांनी “हे कोर्टात चालत नाही” म्हणून काढून टाकलेलं. “खिडकीचं मला काही नाही. आई आजारी होती तेव्हा तो एकदाही आला नाही, ते डाचतं. त्यानं येऊन एकदा विचारपूस केली तर दावा आजच मागे घेतो.”

एरवी पानाच्या मागं काही दिसलं असतं तर टाचणींनी आरडाओरडा केला असता. पण आता सगळ्याच पानांच्या मागं मजकूर असतो. त्यांनी नीट टोचून दिली.

संध्याकाळी तोफेचा फोन आला. ऐकायला कान लावावा लागला नाही, मी स्वयंपाकघरात होते. “वकीलसाहेब, तुमच्या अर्जाचं पोट लंगडं आहे हो, पण पाठ भक्कम आहे. पान परत पाठवतो. मात्र माझ्या पक्षकारानं वाचलंय.”

हे पांढरेफटक. पक्षकाराचं गुपित आपल्याच हातानं समोरच्याला! उद्या थोरल्यानं तक्रार केली तर आयुष्यभराच्या नावावर पाणी. सूनबाईला समोर उभं केलं. “ही तुझी पद्धत?”

ती पानाकडे बघत राहिली. उलटं केलं, सुलटं केलं, नाकाशी नेलं. मग म्हणाली, “हो बाबा. माझी चूक.”

“विषय बंद.”

“बरं.”

खोलीत गेली आणि पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला. मी भाजीत दोनदा मीठ घातलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

शनिवार, १७

सांगायचं ठरवलं. कधी सांगायचं हाच प्रश्न. हे दाढी करत होते, गालभर फेस, हातात वस्तरा – या अवस्थेत माणूस ओरडत नाही. मी दारात उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. पिंपामागचे गठ्ठे, माळा, इस्त्री. एसीचंही सांगितलं, आता कशाला ठेवायचं.

आरशातून बघत होते. मग म्हणाले, “इस्त्री?”

“चुरगळलेल्यांनाच.”

तोंड धुऊन सूनबाईच्या खोलीपाशी गेले. ती साड्यांच्या घड्या घालत होती. “तुला माहीत होतं?”

“कागदाला इस्त्रीचा वास होता, बाबा. कडेला हळदीचं बोट होतं. आपल्या ऑफिसात हळद कोण वापरतं?”

“मग माझी चूक का म्हणालीस?”

“आईंचं नाव कसं सांगू?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण लगेच आवरलं, कारण पोरगी पुढे बोलत होती. “आता तुम्हीच विषय काढलाय म्हणून सांगते. अट ऑफिसबद्दल होती. घोळ ऑफिसातून झालेला नाही, स्वयंपाकघरातून झालाय. स्वयंपाकघर अटीच्या कक्षेत येत नाही.”

यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मग ओठाचा एक कोपरा हलला. यांना हरवलेलं आवडत नाही, पण चांगल्या मुद्द्यावर हरवलं तर आतून गुदगुल्या होतात, ते मला माहीत आहे. तरी ताणलं. “पाठकोरा कागद या ऑफिसात पुन्हा दिसता कामा नये. वकिलाच्या कागदाच्या पोटात एक असतं आणि पाठीत दुसरं. ती काही वाण्याची पुडी नव्हे.”

“म्हणून तर म्हणते, छापूच नका.”

“हं.”

पण अजून थोरले यायचे आहेत. त्यांनी तक्रार केली तर कसली अट आणि कसला ठराव.

रविवार, १८

आले. एकटे नाही, धाकट्याला घेऊन. दोघंही आमच्या बाकावर असे बसले, जणू शाळेत शिक्षा झाली आहे. हे खुर्चीच्या कडेवर.

थोरले म्हणाले, “साहेब, हा काल आला. खिडकीतून आला, गाढव. दार असताना.”

धाकटे म्हणाले, “म्हटलं, खिडकी सरकारजमा व्हायच्या आत वापरून घ्यावी.”

दावा मागे घ्यायचा आहे. यांनी प्रामाणिकपणे ते पान कसं गेलं ते सांगितलं, माफीही मागितली. माझं नाव घेतलं नाही, ‘कार्यालयीन त्रुटी’ म्हणाले. आजवर मला कुणी काय काय म्हटलं आहे, त्यात हे बरं आहे.

थोरले म्हणाले, “त्रुटी कसली? माझ्या मनातलं तेवढंच एक पान होतं आणि तेच तुम्ही काढून टाकलं होतंत.”

ते गेल्यावर हे दुपारभर खिडकीशी उभे होते. मी सरबत नेऊन दिलं.

शनिवार, २४

संघाची सभा. मी गेले नव्हते, सूनबाईनं येऊन सगळं करून दाखवलं. कुणीतरी म्हणालं, कागद कमी म्हणजे वकिलीचा रुबाब कमी. कुणी म्हणालं, आमच्या कारकुनांना बटणं दाबता येत नाहीत. मग हे उठले. म्हणे, “मी आयुष्यभर जाड फायली केल्या. नुकताच माझा एक दावा मिटला, तो एका पानावर. बाकीची पानं मी कशाला छापली होती, हे मला अजून सांगता आलेलं नाही.” आणि खाली बसले. तोफेनं मागून अनुमोदन दिलं. माइक बंद होता, तरी मागच्या रांगेपर्यंत पोचलं.

ठराव मंजूर. पोरीनं मला उचलून गर्रकन फिरवलं. या वयात! गुडघा धरलाय, पण असू दे.

बॅग पुन्हा पलंगाखाली गेली. मी बघून आले.

शुक्रवार, ८ मार्च

ऑफिस रोज थोडं थोडं रिकामं होतंय. टाचणी एकेक फाइल मशीनवर ठेवतात, कॉम्प्युटरमध्ये घालतात आणि ज्याची त्याला परत देतात. उरलेल्याच्या चिंध्या करणारं यंत्र आणलं आहे. टाचणींना ते फार आवडतं, काही नसलं तरी चालू करून बघतात. ‘असावी म्हणून’ सगळ्या गेल्या. माळा मोकळा झाला, पण वाकलेला तो वाकलेलाच. हे चष्मा कपाळावर चढवून पडद्यासमोर बसतात आणि सूनबाईला हाक मारतात, “अगं, मोठं कर, मोठं कर.” घर कसं भरल्यासारखं वाटतंय.

देवाला विचारलं, लबाडीचं काय? गप्प होता. त्याचंही ‘हं’च असावं.

सोमवार, ११

सूनबाई पुढच्या आठवड्यात तिकडे जाते आहे. रागानं नाही, आनंदानं. “आई, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे, बाबांचं काम मला तिकडे बसूनही करता येईल. तारखेपुरती येत जाईन. तुमच्यामुळेच जमलं हो हे.” पाया पडली. मी तोंडभर आशीर्वाद दिला.

रात्री यांना विचारलं, “सगळं परत छापून घेता येईल का?”

यांनी चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “पाठपोट?”

मी म्हटलं, “एकाच बाजूला. चार बोटं समास सोडून.”