पेडल खाली गेलं होतं

७ फेब्रुवारी, शनिवार

जमलं! पुढचे ब्रेक पॅड बदलले, चारही चाकांचं जुनं ब्रेक ऑइल काढून नवं भरलं. स्वतःच्या हातांनी. सकाळी नऊला बाह्या सरसावून बसलो तो दीडला उठलो. कंबर बोंबलतेय, नखं काळी झालीत, पण छाती कशी फुगलीय!

हिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं होतं. मी खालून ओरडायचो — "दाब! ... धरून ठेव! ... सोड!" ती पेडल दाबायची, मी चाकाजवळचा निपल, म्हणजे ऑइल सोडायचा छोटा स्क्रू, सैल करायचो, काळपट ऑइल नळीतून बाटलीत उतरायचं. निपल आवळला की पुन्हा "दाब!" शेवटी म्हणाली, "अहो, पोटरीत गोळा आला माझ्या. उरलेलं मिस्त्री करतील की!" मिस्त्री! चार वर्षं झाली ही छोटी एसयूव्ही घेऊन. तिचा स्क्रू न् स्क्रू मला पाठ आहे.

शेवटच्या चाकाशी असतानाच फोटो काढून ग्रुपवर टाकला. याच गाडीच्या मालकांचा ग्रुप. तिथे मला 'डॉक्टर' म्हणतात. कुणाची गाडी खोकली की आधी माझ्याकडे, मग गॅरेजकडे. 'डॉक्टर, ऑपरेशन यशस्वी!' — हा तांबड्या गाडीवाला. तिथे नावं कुणाला ठाऊक नसतात, गाडीच्या रंगावरूनच ओळख.

८ फेब्रुवारी, रविवार

फोटोला अठ्ठावीस अंगठे!

१० फेब्रुवारी, मंगळवार

ही कामावरून आली ती सांगतच — डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो, विझतो. म्हटलं, हँडब्रेक अर्धवट ओढलेला राहत असेल. "नाही हो, पूर्ण सोडते मी." म्हटलं, "तुला वाटतं, पूर्ण." सासूबाई हसल्या. हीसुद्धा हसली.

एक्केचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली ती. आता रोज पहाटे निघून पंधरा-वीस घरं करते. लोकांच्या घरी जाऊन रक्ताचे नमुने घेते, साडेनऊच्या आत लॅबमध्ये पोचवते. माझ्यापेक्षा जास्त चालवते. तरी दिवा लागला की मला विचारते.

११ फेब्रुवारी, बुधवार

अपघात.

सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामाला नेत होती. त्याच्यासाठीच तर त्या दोन महिने आमच्याकडे आल्यात. हॉस्पिटलच्या तळघरातल्या पार्किंगकडे उतार आहे. त्या उतारावर गाडी थांबली नाही, सरळ खांबावर. बंपर गेला, एक दिवा गेला. ते जाऊ दे. सासूबाईंनी पुढे हात टेकला — उजवं मनगट मोडलं. प्लास्टर सहा आठवडे.

मी ऑफिसातून पोचलो तेव्हा ही बाकावर बसली होती. पुन्हा पुन्हा एकच — "मी दाबला हो ब्रेक. पेडल खाली गेलं. पार खाली. पण गाडी थांबेचना."

आणि मी काय म्हणालो? नर्ससमोर, वॉचमनसमोर? "घाबरलीस की पाय भलत्याच पेडलवर पडतो. होतं असं." वर पाठीवरून हातही फिरवला.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लिहू की नको. ही वही माझ्याशिवाय कुणी उघडत नाही. लिहितो.

मिस्त्री दहाला येणार होते. मी सातलाच हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गेलो. टॉर्च, पाना आणि शनिवारच्या ऑइलची उरलेली बाटली घेऊन. ती बाटली घेऊनच का निघालो? म्हणजे घरातून निघतानाच मला माहीत होतं!

बॉनेट उघडलं. डबीतलं ब्रेक ऑइल खालच्या रेघेच्याही खाली. ड्रायव्हरच्या बाजूचं पुढचं चाक — मी शेवटी केलेलं — आतून ओलं. निपलला नुसता हात लावला तर फिरला. आवळलाच नव्हता मी. बोटाने बसवला, फोटो काढला, फोन खिशात टाकून हात धुवायला गेलो.

तो लाल दिवा ऑइल कमी झाल्याचा होता. हँडब्रेकचा दिवा तोच असतो. हे मी ग्रुपवर किमान दहा जणांना समजावलंय. दहा!

मग मी जे केलं ते. निपल आवळला. ऑइल रेघेपर्यंत भरलं. पेडल चांगलं घट्ट लागेपर्यंत पंप केलं. चाक रुमालाने पुसलं, आतूनही. रुमाल हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि कँटीनमध्ये चहा प्यायलो. चहा चांगला होता. हेही लिहून ठेवतो.

दहाला मिस्त्री आले, ही आली. त्यांनी पेडल दाबून बघितलं, चाकाशी वाकले, बराच वेळ वाकलेले राहिले. मग उठून हात पुसत म्हणाले, "ब्रेक लागतोय, वहिनी."

ही पेडलकडे बघत राहिली. "म्हणजे माझाच पाय चुकला."

मी बॉनेट लावलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सासूबाई तिला बोलल्या. "तुझं लक्ष लहानपणापासूनच असं. दुधावर बसवलं की दूध उतू!" डाव्या हाताने जेवताना सांडत होतं, त्याचा वैताग. ही ओट्याशी पाठमोरी. मी पाणी प्यायलो.

१५ फेब्रुवारी, रविवार

मेव्हणा भेटायला आला होता. बहिणीला म्हणाला, "बाई गं, तू आपली रिक्षानेच फिर!" सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांच्या आधी नाही, पण हसलो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

हिने लॅबमध्ये सांगून टाकलं — मला घरोघरी नको, टेबलावरचं काम द्या. आता दिवसभर बसून बाटल्यांवर लेबलं चिकटवते. तिच्या घरांवर दुसऱ्या मुलीला पाठवताहेत. एक म्हातारे गृहस्थ म्हणे त्या मुलीला हात लावू देत नाहीत. सुई टोचलेली कळू न देणाऱ्या बाई कुठायत, विचारतात. हे तिने सांगितलं ते कसं? तर बातमी वाचून दाखवावी तसं.

अजून एक. दाराला कुलूप लावून जिना उतरते, परत वर जाते, कुलूप ओढून बघते. गॅस बंद केलाय का, मला विचारते. काल तर — "अहो, मी आईला गोळी दिली ना? तुम्ही बघितलंत ना मला देताना?"

बघितलं होतं. दिली होती. तसं सांगितलं. तरी पाकीट उघडून गोळ्या मोजल्या तिने.

हे मी केलंय. बंपर दोन दिवसांत बसतो.

२१ फेब्रुवारी, शनिवार

गाडी आणायला गॅरेजात गेलो. मिस्त्री एका इंजिनात डोकं घालून उभे होते. तसेच बोलले, वर न बघता.

"साहेब, निपलवर पान्याचे ओरखडे होते. ताजे. सगळं चाक मातीने माखलेलं, आणि तेवढाच भाग आतून लख्ख पुसलेला."

मी म्हटलं, "हं."

"वहिनींसमोर बोललो नाही. म्हटलं, नवरा-बायकोत मी कोण? घरी जाऊन साहेब स्वतः सांगतील." मग डोकं बाहेर काढलं. "सांगितलंत ना?"

"हो," म्हणालो.

त्यांनी किल्ली दिली. देताना डोळ्यांत बघितलं नाही. माझी लाज त्या माणसाला वाटली! मी ज्याला पाना धरता येत नाही म्हणायचो, त्याला.

२२ फेब्रुवारी, रविवार

हिला म्हटलं, चल, चक्कर मारू, तूच चालव. "नको." अगं, कॉलनीतल्या कॉलनीत. "नको म्हटलं ना! उद्या कुणाचं पोर आलं पुढे तर?" भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवली आणि तळहात बघत बसली. जणू तिचे नाहीतच ते.

तेव्हा सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं. सासूबाईंनी हाक मारली — आणि मला सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं! काय माणूस आहे मी.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी ऑफिसात ग्रुप उघडला. तांबड्या गाडीवाल्याचा मेसेज — 'डॉक्टर, तुमचे फोटो बघून मीही घरीच ब्रेक ऑइल बदललं. आता लाल दिवा लागतो-विझतो. पेडल जरा मऊ वाटतं. शुक्रवारी पोरांना घेऊन घाटातून जायचंय. चालेल ना?' खाली तिघाजणांनी लिहिलेलं — आधी हँडब्रेक बघा, डॉक्टरच सांगतात तसं.

टेबलावर एका इमारतीचा नकाशा पसरलेला होता. दुसऱ्यांच्या नकाशातल्या चुका शोधणं ही माझी नोकरी. लाल पेन्सिल हातातच होती.

लिहिलं — 'गाडी हलवू नका. घाटात तर मुळीच नाही. मिस्त्रीला घरी बोलवा. निपल सैल असेल. माझा सैल राहिला होता. अपघात झाला, घरातल्या माणसाचं हाड मोडलं. दोष बायकोवर गेला, मी जाऊ दिला.'

शेवटचं वाक्य दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा राहू दिलं. पाठवलं.

त्यावर एकही अंगठा नाही. तासाभराने फक्त तांबड्या गाडीवाला — 'मिस्त्री आलाय. पुढच्या दोन्ही चाकांतून गळतंय.' थोड्या वेळाने आणखी एक ओळ — 'घरी सांगितलंत का?'

परक्या माणसांना आधी सांगितलं मी. तिला नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं.

ती लॅबमधून आली, चपला काढत होती. बसूही दिलं नाही, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. निपल, दिवा, बाटली, रुमाल — सगळं. तिची एक चप्पल हातात तशीच.

मग विचारलं, "म्हणजे पेडल खाली गेलं होतं?"

"हो."

"पार खाली?"

"हो."

"आणि मी ब्रेकच दाबला होता."

"ब्रेकच."

खाली बसली. उंबऱ्यातच. रडेल वाटलं, ओरडेल वाटलं. ती हळू आवाजात म्हणाली, "चौदा दिवस मी स्वतःच्या पायाला घाबरतेय. काल एका बाईच्या बाटलीवर नाव लिहिलं आणि तीनदा पुसून लिहिलं. आणि तू रोज समोर बसून जेवत होतास."

तू. बावीस वर्षांत पहिल्यांदा. आमच्यात लाडानेही कधी 'तू' आलं नव्हतं.

माफी मागितली. म्हणाली, "आईला सांग. आत्ता. माझ्यासमोर."

सांगितलं. सासूबाईंनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मला वाटलं, आता चार शब्द सुनावतील. ते मला हवेही होते. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. लेकीकडे बघत होत्या. "अगं, मी दुधावरून बोलले गं तुला," म्हणाल्या. "आई असून बोलले." मग माझ्याकडे वळून — "जावईबापू, हाताचं काही नाही. पण माझ्या तोंडून तुम्ही ते वदवलंत."

दोघी रडल्या. मी दारात उभा. आत जावं की बाहेर, कळेना.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मेव्हण्याला फोन केला. सांगितलं. तो म्हणाला, "असू द्या हो, होतं." 'होतं असं' — हे तर मीच म्हणालो होतो! त्याला म्हटलं, असू द्या नाही, बहिणीला फोन कर. केला म्हणे.

ग्रुप सोडला. कुणी 'का' विचारलं नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

घरात कामापुरतं बोलणं. "मीठ." "दार लावा." पुन्हा 'तुम्ही' झालंय. 'तू' बरं होतं. त्यात निदान राग तरी होता.

पण कुलूप ओढायला आज ती जिना चढून परत वर गेली नाही.

१ मार्च, रविवार

ही सकाळी एकटीच मिस्त्रींकडे गेली. गाडी घेऊन! खिडकीतून बघितलं — सीट पुढे ओढली, आरसा वळवला, दोन मिनिटं नुसती बसली. मग निघाली. दीड तासाने परत. काय झालं विचारलं तर म्हणाली, "चारही चाकं उघडायला लावली. शेजारी उभं राहून बघितलं." हाताला ग्रीस लागलं होतं. साबण द्यायला गेलो. तिने स्वतःच घेतला.

२ मार्च, सोमवार

ही गेली. सासूबाईंना घेऊन, त्यांच्या गावी. स्वतः गाडी चालवत. लॅबमधून महिन्याची रजा घेतलीय, हे मला सासूबाईंकडून कळलं. परत कधी, मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

एकशे दहा किलोमीटर. दुपारी पोचल्याचा फोन आला. मिस्त्रींना. त्यांनी मला कळवलं.