घागर अजून भरलेली नाही

६ एप्रिल, जळगाव
बदाम आंबे आणले. एक फाटकातच कापून खाल्ला, गल्लीला दिसेल असा. घरातलं माणूस गेलेलं असलं की आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, त्याच्या नावाची घागर भरतात, आंबा आधी त्याला, मग आपण. सासू-सासऱ्यांची घागर असोद्याला, थोरल्या दिरांकडे. माझ्या घरातून कोणी गेलेलं नाही.

९ एप्रिल
थोरले दीर, आबा, येऊन गेले. "यंदा मधूची घागर भरा लागीन, सुधा. किती वरीस वाट पाह्यशीन?"
म्हटलं, "भावाला मारायची एवढी घाई?"
चहा अर्धा टाकून उठले. बोलायला नको होतं.
त्यांना तरी काय ठाऊक. त्यांच्या लेखी माझा नवरा केळीचा व्यापारी, आखातात माल पाठवायचा, तिकडेच राहिला. दुसरी बाई केली, असंही म्हणतात. मी ऐकून घेते. धंदा खरा होता, कंटेनर खरे होते. म्हणून तर गुप्तचर खात्याने म.ना निवडलं.

१३ एप्रिल
खात्याचे दिल्लीचे साहेब आले. दरवर्षी या सुमाराला येतात, बसतात, "सांगण्यासारखं काही नाही" म्हणतात. म्हटलं, "परक्या देशात कोण काय शिजवतंय ते हुडकता. स्वतः पाठवलेला माणूस सापडत नाही?"
"मॅडम, सापडला तरी आमचा म्हणता येत नाही."
मग, अगदी सहज: "मुलाच्या लाळेचा नमुना हवा होता. नेहमीची पद्धत आहे."
नेहमीची? आजवर कोणी मागितला नव्हता.
"कोण सापडलंय तुम्हाला?"
साहेब स्वतःचा कप उचलून मोरीत ठेवून आले.

१४ एप्रिल
कुठल्या तरी देशात, थंड खोलीत कोणी पडलंय. नाव नसलेलं. दिवसभर तेच डोळ्यांपुढे. म.ना गारवा सोसायचा नाही. पंख्याखालीही कानटोपी घालायचे.

१५ एप्रिल
निखिलचा पुण्याहून फोन. "देतो ना नमुना. कळेल तरी."
"कळेल त्यांना. आपल्याला सांगणार कोण?"
मग म्हणाला, "आई, तू ठरवलंयस, बाबा जिवंत आहेत. मला काहीच ठरवता येत नाही."
म्हटलं, "ये तर मग."

१८ एप्रिल
निखिल आला. साहेबांनी कापसाची काडी त्याच्या गालात आतून फिरवली, नळीत घातली.
म्हटलं, "लेखी देणार नाही, माहीत आहे. तोंडी सांगा."
"तेही नाही जमायचं."
मी फाटकापर्यंत सोडायला गेले. फाटकाची कडी काढता काढता, माझ्याकडे न बघता साहेब म्हणाले, "जुळलं तर फाइल बंद. मग इथे कोणी येत नाही. नाही जुळलं तर मी पुढल्या वर्षी येईन."
इतकी वर्षं या माणसाला शिव्या घातल्या.

१९ एप्रिल, आखाजी
आबांचा फोन. "सांग, भरू का?"
"पुढच्या आखाजीला सांगते."
"तवा काय होनार हाये?"
फोन ठेवला.
निखिल सामान बांधतोय. पुण्याला चल म्हणतो, एकटी इथे काय करणार. नाही म्हटलं. साहेब आले आणि कुलूप बघून गेले तर?