गोळीची आणि चहाची फारकत

चि. छकुलीस, या दूरच्या खिडकीतून दादाचे आशीर्वाद.

लेकीकडे मी ठणठणीत आहे. इथल्या डॉक्टरीणबाईंनी माझी खोड पकडली. "आजोबा, थायरॉइडची गोळी चहाबरोबर? मग ती लागू कशी पडणार!" आता गोळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घेतो आणि तासभर चहाला ताटकळत ठेवतो. तीन महिन्यांत वजन तीन किलो उतरलं, साखरही ताळ्यावर आली.

वजनाच्या धास्तीने तू रात्रीचं जेवण सोडलंस आणि परवा तुला भोवळ आली, असं मेहुणे म्हणाले. साखर उतरवणारी गोळी घेऊन कुणी उपाशी राहतं का, वेडाबाई? तुझी थायरॉइडची गोळीही चहाबरोबरच जाते ना? दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांग, आणि आजपासून जेव.

चौथीतल्या कविता म्हणताना मी अजून दुसऱ्या कडव्याला अडतो. पुढची ओळ सांगायला तू हवीस.

तुझा,
दादा